त्रिवेणीची सद्दी

या, जरा जवळ सरका. पावसाळी हवा आहे, दाराशी बसून भिजण्यापेक्षा आत या. टाळ-मृदंग नाही आज, पण एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर उद्या सकाळी लेकराचा डबा भरताना तुमचा हात घडीभर थांबल्याशिवाय राहायचा नाही. गोष्ट आपल्या नल्लकुंट्यातलीच. गोड नाही, तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्या साली श्रावणात पावसानं हैदराबादेला वेढाच घातला होता. नाला काठाला लागायचा, गल्लीत काळं पाणी शिरायचं, ओसरायचं, पुन्हा शिरायचं. दोरीवरचे कपडे वाळता वाळत नव्हते आणि अंगावर घातले की कुबट वास मारायचे. घराघरात ताप. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाला उलट्या. दवाखान्यापुढची रांग छत्र्यांनी भरलेली.

अशा हवेत त्रिवेणी सकाळी परातीशी बसून भाकऱ्या थापत होती. पीठ सादळलेलं, त्याला विरी नव्हती. भाकरी कडेनं चिरायची. ती ओल्या बोटानं चीर बुजवायची, पुन्हा हलक्या हातानं थापायची, आणि तव्यावर टाकताना मनगटाला वाफ लागली तरी तोंडातून आवाज काढायची नाही. शेजारी शिलाई मशीन झाकून ठेवलेली. ब्लाऊज आणि साड्यांना फॉल लावायचं काम ती घरातच करायची. नवरा ओमकार आबिड्सला वह्या-पुस्तकांच्या दुकानात कामाला होता. तो छत्रीची मोडकी काडी दोऱ्यानं बांधत बसला होता.

"आई, सद्दी बांधली का?" माधवी वेणीची रिबीन दातात धरून विचारायची. तिसरीत होती.

"बांधायली. आधी वेणी घालून घे."

त्रिवेणीचं माहेर देगलूरच्या पलीकडं. तिथं एका ओट्यावर मराठी बोलतात आणि समोरच्या ओट्यावर तेलुगू. शेताला जाताना जी शिदोरी फडक्यात बांधून नेतात, तिला तिकडं सद्दी म्हणतात. सकाळी रांधायची, दुपारी बांधावर सोडायची. त्रिवेणीनं लेकीला दूध पाजलं तसाच हा शब्दही पाजला होता. डब्याला डबा म्हणायचं तिच्या जिभेला सुचायचंच नाही.

आणि काय काय असायचं त्या सद्दीत! आज दह्यात कुस्करलेली भाकरी, वर लसणाची फोडणी. उद्या अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या. कधी मेथी घालून धपाटे, कधी लाल भोपळ्याचे घारगे, कधी उकडलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा. घरात जे असेल तेच, पण कालचं आज कधी नाही. ओमकार म्हणायचा, "पोरीला रोज नवीन आणि मला?"

"तुम्हाला काय, तुम्ही कागद खाल्ला तरी जिरंल."

शाळा बरकतपुऱ्यात होती. ताप पसरला तशी शाळेनं पालकांची सभा घेतली. पालक मंडळाच्या अध्यक्ष पद्मावतीबाई पुढं उभ्या राहिल्या. राहायला हिमायतनगरला, नवरा प्रतापराव पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवायचा. अंगावर कडक इस्त्रीची साडी. त्या पावसात तिला इस्त्री कशी टिकली होती, देव जाणे. त्यांनी आठवड्याचं सगळं सांगितलं. सोमवारी मोडाचे मूग. मंगळवारी भाज्या घातलेली इडली. मग पालकाचा पराठा, फळं, नाचणीचा डोसा. डबा रंगीत हवा, रोज वेगळा हवा आणि ताजा हवा.

त्रिवेणीला त्यात वावगं काही वाटलं नाही. ती मागच्या बाकावर कुणाला तरी म्हणालीही, "चांगलंच की. आमच्याकडंबी रोज वेगळंच असतंय."

पण पद्मावतीबाईंची मुलगी शिल्पा माधवीच्याच वर्गात, माधवीच्याच शेजारी बसायची. आणि घंटा झाली की ती आपला रंगीत डबा माधवीपुढं सरकवायची आणि माधवीच्या डब्यात हात घालायची. माधवीला नाचणीचा डोसा आवडायचा, शिल्पाला अंबाडीचा आंबटपणा. दोघींचं छान जमलं होतं. एक दिवस माधवी घरी येऊन सांगू लागली, "आई, शिल्पानं तिच्या मम्मीला सांगितलं, मला पण सद्दी दे. मम्मीनं तिला चापट मारली."

त्रिवेणी हसली. "खुळी बाई. पोरगी खायला मागती अन् मारती."

हसली, कारण तेव्हा तिला काही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात शिल्पाचं पोट बिघडलं. अर्ध्या वर्गाचं बिघडलं होतं, तसं तिचंही. त्यानंतर एका दुपारी माधवी शाळेतून आली ती डबा भरलेलाच घेऊन. ओट्यावर डबा ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. रेनकोट काढला नाही. खाली पाण्याचं थारोळं.

"काय झालं? खाल्लं का नाही?"

माधवी नखानं भिंतीचा पोपडा खरवडत राहिली.

"माधे, कुणी मारलं का?"

"तू मला शिळं देते," भिंतीकडं बघतच माधवी म्हणाली.

त्रिवेणीच्या हातातलं कापड मशीनच्या सुईखाली तसंच राहिलं. "कोण म्हणलं?"

"टीचर. शिल्पाची मम्मी पण. सगळे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळी त्रिवेणी शाळेत गेली. फाटकाच्या जाळीतूनच तिला दिसलं. व्हरांड्यात पोरांच्या दोन रांगा समोरासमोर बसलेल्या, मधे डब्यांची झाकणं, गलका. आणि त्या रांगांपासून लांब, हात धुवायच्या नळाशी, ओल्या पायरीवर माधवी. पाठ सगळ्यांकडं. नळाचं पाणी उडून तिच्या मोज्यावर पडत होतं आणि ती पाय आत घेत खात होती. खात कसली, भाकरीचा तुकडा ओठाला लावून बसली होती.

पंगतीतून उठवलेलं माणूस तुम्ही पाहिलंय का? मोठं माणूस असलं तर शिवी देतं, निघून जातं. लेकरू कुठं जाईल?

वर्गशिक्षिका स्वरूपा टीचर बाई वाईट नव्हती. तेलुगू घरातली, कामाच्या ओझ्यानं वाकलेली, त्रिवेणीला बघून लगबगीनं फाटकाशी आली.

"देखो अम्मा, मौसम खराब है. बच्ची को बासी खाना कायकू देते?"

"बासी नई टीचर. सुबे उठ के बनाई मैं."

"बच्चीच बोली ना. मैं पूछी, क्या लाई? सद्दी बोली. हमारे तेलुगू में सद्दी बोले तो रात का बचा हुआ. तो भी मैं पद्मावती मॅडम को पूछी. डब्बे देखने आए थे वो. वो भी मराठीच है ना? वो बोले, हौ, मराठी में भी बासीच बोलते."

"वैसा नई होता टीचर. हमारे उधर..."

"मेरे हाथ में क्या है अम्मा? बाकी पेरेंट्स डर रहे. कमिटी ठीक है बोले तो मैं आजीच अंदर बिठाती."

म्हणजे पद्मावतीबाईंच्या तोंडून शब्द आल्याशिवाय माधवी त्या पायरीवरून उठायची नाही. त्रिवेणी तशीच, ओल्या साडीनं, हिमायतनगरला चालत गेली.

दार उघडलं, पण बाहेरची लोखंडी जाळी उघडली नाही. जाळीच्या आत पद्मावतीबाई, बाहेर त्रिवेणी. मोलकरणीनं जाळीतून कागदी पेल्यात पाणी दिलं. आत स्टीलचे पेले चकचकत होते, ते त्रिवेणीला दिसत होते.

"ताई, काहीतरी घोटाळा झालाय. सद्दी म्हणजे शिळं नव्हं. आमच्या गावाकडं..."

"गावाकडचे शब्द मला कुठं कळतात, त्रिवेणी? मी तर लहानपणापासून इथलीच. टीचरनं विचारलं, मला वाटलं तसं सांगितलं."

"मग टीचरला एवढं सांगा की ताजं असतंय. तुमच्या शिल्पाला विचारा, ती रोज..."

शिल्पाचं नाव येताच पद्मावतीबाईंचा चेहरा आवळला. "तेच तर. माझ्या मुलीचं पोट बिघडलं ते कशानं? हे बघ, राग मानू नको. तुम्ही लोक कष्ट करता, वेळ मिळत नाही, रात्रीचं उरलेलं सकाळी भरता. मला समजतं. पण शाळेत चालत नाही ते. थोडे दिवस बघू दे आम्हाला, मग ठरवू."

"लेकरू नळापाशी बसतंय, ताई."

"मोकळी हवा आहे तिथं," पद्मावतीबाई म्हणाल्या आणि दार लोटलं.

त्रिवेणी जिना उतरली. रिकामा पेला तिच्या हातात तसाच होता. तिनं तो मुठीत चुरगाळला आणि घरापर्यंत तसाच आणला. पण खरं सांगायचं, तेव्हा तिला पद्मावतीबाईंचा राग आला तो जाळीचा आणि पेल्याचा. शब्दाबद्दल ती स्वतःलाच बोल लावत राहिली. आपलीच जीभ गावंढळ. त्या बाईला माहीत नसेल तर ती तरी काय करणार? तिनं माधवीला बजावलं, सद्दी म्हणायचं नाही, डब्बा म्हणायचं. तिनं डब्यात इडली भरून दिली, मोडाचे मूग भरून दिले. माधवी ते घेऊन जायची आणि त्याच पायरीवर बसून खायची. रात्री अंथरुणात तिचे पाय पोटाशी घेतले की बोटं पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली लागायची.

गोकुळाष्टमीचा सप्ताह बसला. नल्लकुंट्याच्या गल्लीतलं विठ्ठलाचं मंदिर छोटं, पण मराठी माणसांची तिथं दाटी. आठवडाभर कीर्तन, आणि शेवटी काला. यंदाचं यजमानपद प्रतापराव आणि पद्मावतीबाईंकडं होतं. मांडव त्यांचा, लाऊडस्पीकर त्यांचा, हारही त्यांचेच. शाळेच्या टीचरांनासुद्धा त्यांनी काल्याचं आमंत्रण दिलं होतं.

त्रिवेणी दुपारची कामं आटोपून तिथं वाती वळायला जायची. एक दिवस ती आणि माधवी अशाच बसलेल्या असताना खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, पायाच्या टाचा जुन्या शेणाच्या गोवरीसारख्या भेगाळलेल्या. तिनं माधवीला जवळ ओढलं.

"कुणाची गं तू?"

"माधवी."

"शाळंला जातीस? अन् सद्दीला काय नेतीस बाई?"

माधवीनं दचकून आईकडं बघितलं. त्रिवेणीच्या हातातली वात सुटली.

"आजी, तुमचं गाव कोणतं?"

"बिलोलीकडलं माय. लेकीकडं आले सप्त्याला. ती यजमानीण हाय न्हवं का, पदमी, ती माझीच. मी कोंडाबाई."

"म्हणजे पद्मावतीताई लहानपणापासून हितल्याच ना?"

कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसली. "हितली कुठली! लगीन होईस्तोवर खुरपं सुटलं नाही तिच्या हातातनं. मी पुढं, ती मागं, डोईवर सद्दीची दुरडी. दहीभात असला की वाटंतच बोटं घालायची भवानी. मार खाल्लाय त्याच्यापायी."

त्रिवेणीनं सुटलेली वात उचलली. पण मायबाप, माणसाच्या आत काय होतं ते बघा. इतके दिवस जे ओलं, जड असं छातीवर बसलं होतं, ते एकदम पेटलं. त्या बाईला माहीत होतं. तिला शब्द माहीत होता, त्याची चव माहीत होती, त्याचा वाससुद्धा माहीत होता. आपल्या लेकीनं तो शब्द घरात आणला म्हणून तिनं लेकीला चापट मारली आणि मग माझ्या लेकीला पायरीवर बसवलं. त्रिवेणीचे दात एकमेकांवर घासले. वाती वळताना तिची बोटं अशी फिरू लागली की कापूस तुटायला लागला.

संध्याकाळी ती ओमकारला म्हणाली, "यंदा काल्याला आपल्या घरची सद्दी जायची."

"दहीपोहे दे ना. सगळेच देतात."

"सद्दी."

ओमकारनं घास हातात धरून तिच्याकडं बघितलं. कोंडाबाईचं सगळं तिनं त्याला सांगितलं होतं. "अगं, प्रतापराव आमच्या शेठचे दोस्त आहेत. गडबड नक्को करू. देवाचं काम आहे."

"शेठलाबी बोलवा मग. दहीभाकरी खाऊन जाऊ द्या."

"त्रिवेणी..."

"तुम्ही नळापाशी तिची पाठ बघितली नाही," ती म्हणाली. "मी बघितली."

ओमकारनं हातातला घास ताटात ठेवला आणि न जेवता उठला.

आता या मंदिराची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. काल्याच्या दिवशी प्रत्येक घर आपापली शिदोरी फडक्यात बांधून आणतं. यजमानीण ती हातात घेते, गाठ सोडते, वास घेते, आणि कुणाच्या घरचं काय आलंय ते मोठ्यानं सांगून मधल्या मोठ्या पातेल्यात टाकते. पूर्वी नुसत्या आवाजानं सांगायची, आता माईकवर. देवाच्या काल्यात शिळं चालत नाही, उष्टं चालत नाही; यजमानिणीनं नाव घेतलं म्हणजे तिनं हमी घेतली. आणि दारात आलेली शिदोरी तिनं परत पाठवायची, ती फक्त शिळी असेल तरच.

त्रिवेणीला ही रीत पाठ होती. तिनं त्या सकाळी जी भाकरी केली, तशी जन्मात केली नव्हती. चिरली नाही, करपली नाही. रात्री लावलेलं घट्ट दही, त्यात कुस्करलेली भाकरी, वर लसूण-जिऱ्याची फोडणी. लसूण ठेचताना ती बत्ता असा मारत होती की खालच्या मजल्यावरच्या बाईनं वर डोकावून विचारलं, "काय झालं वो?"

"काही नाही. देवाचं करायली," त्रिवेणी म्हणाली.

नामदेवराव बुवांचं कीर्तन त्या दिवशी रंगलं होतं. गवळ्यांची पोरं रानात बसलेली, प्रत्येकाची शिदोरी वेगळी, कुणाची ताकभाकरी, कुणाची नुसतीच भाकरी, आणि देव मधे बसून सगळं एकात एक करतोय. बुवा हातानं कालवून दाखवत होते आणि पुढच्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्रिवेणी पाठ ताठ करून बसली होती. गाठोडं मांडीवर. एरवी बुवांच्या पहिल्या आलापाला तिचे डोळे भरायचे. आज कोरडे ठाक.

पहिल्या रांगेत पद्मावतीबाईंनी बोलावलेल्या टीचर बसल्या होत्या. त्यात स्वरूपा टीचर. बाजूला शिल्पा, परकर-पोलक्यात. खांबाशी कोंडाबाई.

घरं एकेक करून पुढं आली. पद्मावतीबाई माईकवर गोड आवाजात सांगत होत्या, "किशनरावांच्या घरचे दहीपोहे! सुलभाताईंच्या घरच्या लाह्या!" लोक "विठ्ठल विठ्ठल" म्हणत होते. आणि मग त्रिवेणी पुढं गेली. गाठोडं दिलं. पद्मावतीबाईंनी गाठ सोडली, फोडणीचा वास वर आला, आणि त्यांचा हात थबकला.

"त्रिवेणीताईंच्या घरची... काय आहे?" माईक हातानं झाकून त्यांनी हळूच विचारलं.

"सद्दी."

"दहीभाकरी म्हणते."

"जे आणलं त्याचं नाव घ्यायचं, ताई. सद्दी म्हणा."

पद्मावतीबाई माईककडं वळल्या. "त्रिवेणीताईंच्या घरची शिदोरी!"

"शिदोरी नाही. सद्दी."

मागं कुजबुज सुरू झाली. "म्हण की बाई, खोळंबा कशाचा?" "आभाळ भरायलंय वो, आटपा." स्वरूपा टीचरनं तो शब्द ओळखला. ती वाकून पुढं बघू लागली.

खांबाशी बसलेल्या कोंडाबाईला काय चाललंय ते कळलं नाही, शब्द मात्र कळला. ती हसतच ओरडली, "पदमे, सद्दी म्हणायला लाजायलीस व्हय गं? सारा जन्म काढलास की सद्दीवर! आपली सद्दी गं, शेताला न्यायचो ती!" आणि शेजारी बसलेल्या स्वरूपा टीचरला ती तेलुगूतच समजावू लागली, कारण त्या सीमेवरच्या बायकांना दोन्ही जिभा सारख्याच. "सद्दिमूट, अम्मा, सद्दिमूट," म्हणत तिनं हातानं गाठोडं बांधून दाखवलं.

टीचरनं तोंडावर हात ठेवला. "अय्यो, सद्दिमूट! हमारी अम्मम्मा, मेरी नानी, लेके जाती थी खेत को." तिनं पद्मावतीबाईंकडं बघितलं. "मॅडम, आपकू मालूम था?"

पद्मावतीबाईंच्या कपाळावरचं कुंकू घामानं पाघळायला लागलं. हातातलं गाठोडं पातेल्यावर अधांतरी.

"टीचरला सांगितलं तेच आता माईकवर सांगा," त्रिवेणी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "शिळं हाय म्हणा. मी उचलून परत नेते. देवाला शिळं नको."

"त्रिवेणी, इथं नको. मी नंतर..."

"शिळं का ताजं?"

"ताजं आहे."

"माईक लांब हाय."

"ताजं आहे!"

निंबाच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून तो आवाज गल्लीभर गेला. भाजीवाल्यानं हातगाडी थांबवली. मंदिराचा पोऱ्या मोबाईलवर सगळा कार्यक्रम लाइव्ह दाखवत होता, त्यात तो आवाज गेला.

"अन् शाळेत काय सांगितलंत?"

"बाई, पुरं आता," नामदेवराव बुवा हात जोडून म्हणाले.

"बुवा, माझ्या लेकीला पंगतीतनं उठवलं, तवा पुरं म्हणायला कुणी आलं नाही." तिनं मान वळवलीच नाही. "शाळेत काय सांगितलंत, ताई?"

"खोटं सांगितलं," पद्मावतीबाई म्हणाल्या. कोंडाबाईचं हसू तोंडावर तसंच वाळलं होतं. शिल्पा आईचा पदर ओढत होती, "मम्मी, घर चल. घर चल ना."

"आता टाका पातेल्यात," त्रिवेणी म्हणाली.

काला वाटला गेला तेव्हा त्रिवेणीनं ओंजळ पसरून घेतला आणि सावकाश खाल्ला. तिला त्यात दही लागलं नाही, मीठ लागलं नाही. पद्मावतीच्या पडलेल्या तोंडाची चव लागली, आणि ती इतकी गोड होती की तिनं बोटं चाटली.

सोमवारी माधवी रांगेत बसली. टीचरनं फाटकाशी येऊन त्रिवेणीचे हात धरले, माफी मागितली. पद्मावतीबाईंनी पालक मंडळ सोडलं होतं. प्रतापरावांनी ओमकारच्या शेठला फोन केला म्हणे, पण शेठची बायकोसुद्धा त्या दिवशी मंदिरात होती, त्यामुळं पुढं काही झालं नाही. त्रिवेणी घरभर गुणगुणत हिंडत होती. तिनं मेथीचे धपाटे केले, लोण्याचा गोळा वेगळ्या डबीत दिला.

संध्याकाळी माधवी उड्या मारत आली.

"आई, सगळी पोरं शिल्पाला चिडवतात! मोबाईलमधे बघितलं ना सगळ्यांनी. ती आली की ओरडतात, ताजं आहे! ताजं आहे!"

"अन् ती?"

"ती डबा उघडतच नाही. मांडीवर धरून बसते घंटी होईपर्यंत."

"तुझ्याजवळ नाही आली?"

"आली होती. धपाटे बघून आली." माधवी मोजे काढत होती, बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा. "मी झाकण लावलं. बोलले, शिळं आहे, तुला चालत नाही."

"बरं केलंस," त्रिवेणी म्हणाली. तोंडातून गेलंच ते. आणि भांडी घासायला बसली.

भांडी घासता घासता तिचा हात मंदावला. दुसऱ्या सकाळी तिनं अंबाडीची भाजी जास्तीची केली, एक भाकरी जास्त घातली. "ही शिल्पाला दे," म्हणाली. संध्याकाळी ती तशीच परत आली. तिसऱ्या दिवशीही आली.

"माधे, का गं दिली नाहीस?"

"मला नाही द्यायचं."

"पोटाला खायचं असतंय बाई ते. उपाशी बसती ना ती?"

"बसू दे." माधवीनं आईकडं सरळ बघितलं. "तू पण तर तिच्या मम्मीला सोडलं नाही. ती नंतर बोलते बोलली, तरी नाही सोडलं."

बाहेर पाऊस होता. त्रिवेणीनं परत आलेली भाकरी हातात घेतली. दुपारभर कोंडून ती घामेजली होती, मऊ पडली होती, कडांना वास यायला लागला होता. ती तिनं स्वतःच खाल्ली, उभ्याउभ्या, ओट्याशी, लेकीकडं पाठ करून.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर शिल्पा त्या शाळेत आलीच नाही. दुसरीकडं घातली म्हणतात. त्रिवेणी एकदा हिमायतनगरला त्या दारापर्यंत गेली होती, हातात डबा होता. पण कुलूप होतं, का आतून कुणी उघडलं नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही.

झाली गोष्ट. आता उठा, पाऊसही उघडलाय. दक्षिणा नको, नारळ नको, मागणं एवढंच. उद्या लेकराच्या तोंडात घास द्याल तेव्हा त्या शिल्पाची आठवण ठेवा. ती कुठल्या शाळेत आहे, मला ठाऊक नाही. पण मधली सुट्टी झाली असेल, डबा मांडीवर असेल, आणि तिला भूक लागली असेल.